शिकाऊ पोरांना वेळेवर घरी सोडा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या माझ्या माणसांनो, उसाचा हंगाम तोंडावर आला आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, एकेक कारखाना गाळपाला लागेल आणि आपले रस्ते रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातील. याच रस्त्यांवरून रात्री अकरा-साडेअकराला आपली एकोणीस-वीस वर्षांची पोरं मोटरसायकलवरून घरी येत असतात. कुणी बारामतीच्या एमआयडीसीतून भिगवण रोडने, कुणी काटेवाडी-सणसरवरून लासुर्ण्याकडे, कुणी लोणी देवकरहून पळसदेवकडे. सकाळी सातच्या पाळीला गेलेली पोरं. साडेतीनला सुटायला हवी होती. सुटली नाहीत.

त्यांना सोडा. वेळेवर सोडा. आणि ती जितका वेळ आत होती तितकाच वेळ हजेरीत लिहा. एवढंच मागणं घेऊन मी तुमच्यापुढे आलो आहे. कंपनीचा मालक असाल, सुपरवायझर असाल, ठेकेदार, प्राचार्य, आईबाप, ट्रॉलीचे मालक, चहाच्या टपरीवाले, कुणीही असाल, यात तुमचा वाटा आहे.

ही पोरं कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन अप्रेंटिस म्हणून लागलेली. डिप्लोमा करून ट्रेनी झालेली. कॉलेजात शिकता शिकता कुठे डेअरीत, कुठे पतसंस्थेत, कुठे सीएच्या ऑफिसात इंटर्नशिप करणारी. महिन्याला सात-आठ हजार विद्यावेतन. नाव शिकाऊ. आणि शिकाऊ आहेत म्हणूनच त्यांना कुणी नाही म्हणायला शिकवलेलं नसतं. सुपरवायझर म्हणाला थांब, की ती थांबतात. त्याच्या सहीवर सर्टिफिकेट आहे, त्याच्या शब्दावर पुढे पर्मनंट व्हायची आशा आहे. एवढ्या आशेवर माणूस सोळा तास उभा राहतो.

सोळा तासांनंतर काय होतं, ते आधी ऐका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये माणसांना जागं ठेवून त्यांच्या हाताची आणि नजरेची चपळाई मोजली. सलग 17 तास जाग्या असलेल्या माणसाची चपळाई, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरली होती. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. आता हिशोब करा. निमगाव केतकीच्या पुढच्या वाडीवरचं पोर सातची पाळी गाठायला पहाटे पाचला उठतं. दोन पाळ्या ओढून रात्री अकराला सुटतं. म्हणजे अठरा तास जागं. थेंबभर दारू न पिता, पिऊन चालवणाऱ्यापेक्षा वाईट अवस्थेत ते गाडीला किक मारतं. आणि पुढे अंधारात उसाची जोड ट्रॉली उभी असते.

ती ट्रॉली तुम्ही पाहिली आहे. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर होता, तो चिखलाने भरलेला किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. टायर बसला म्हणून रस्त्याच्या कडेला, खरं तर अर्ध्या रस्त्यावरच, थांबलेली. चाकाला दगड लावलेला. ड्रायव्हर टायर घेऊन भवानीनगरला गेलेला. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर पडतो आणि तो झोत निघून गेल्यावर दोन सेकंद काहीच दिसत नाही. ताज्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा दिसत नाही. अठरा तास जाग्या असलेल्याला तर ब्रेक मारायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॉलीच्या मालकांनो, तुमच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं काम अर्ध्या तासाचं आहे. आजच ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी लावा. ऊस भरल्यावर ती झाकली जाणार नाही अशा जागी लावा. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. गाडी बंद पडली तर मागे माणूस उभा करा, निदान बॅटरी लावून ठेवा. चाकाखालचा दगड निघताना उचलून बाजूला टाका. तुमच्याही घरात मोटरसायकलवरून फिरणारं कुणीतरी आहेच.

पण नुसते रिफ्लेक्टर लावून हे थांबणार नाही. पोर त्या वेळी रस्त्यावर असायलाच नको होतं, मूळ दुखणं ते आहे. म्हणून आता कंपनीच्या गेटपाशी चला.

साडेतीन वाजलेत. पोरं रांगेत उभी आहेत, एकेक जण मशीनवर अंगठा ठेवतोय, मशीन टुक करतं, नाव उमटतं, पाळी संपली. पोरगा बाहेर येतो, टपरीवर चहा सांगतो. इतक्यात फोन. "अरे, दोन तास येतोस का? गाडी लोड करायचीय, माणूस कमी आहे." पोरगा परत जातो. या वेळी मशीनच्या गेटने नाही, माल जातो त्या गेटने. वॉचमन ओळखीचा, तो हात करतो. आता मशीनच्या हिशोबाने हा पोरगा घरी गेलेला आहे. प्रत्यक्षात तो प्रेसवर उभा आहे. दोन तासांचे चार होतात, चाराचे सहा. त्याला कधी शे-दोनशे रुपये हातावर मिळतात, कधी वडापाव मिळतो, कधी "तुझं नाव लक्षात ठेवतो" एवढंच मिळतं. मी आयुष्यभर आयटीआयच्या पोरांबरोबर राहिलो. माल गेटची ही वाट त्यांनीच मला सांगितली, आणि एकाने नाही, पुष्कळांनी सांगितली.

आणि रात्री आठला त्याचं बोट प्रेसमध्ये गेलं तर?

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. शिकताना इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, असं त्याचं 16 वं कलम सांगतं. पण रात्री आठला तो आत होता हे दाखवणार कोण? मशीन म्हणतंय साडेतीनला गेला. मस्टर म्हणतं एकच पाळी. वॉचमनच्या वहीत नाव असेलच असं नाही. ज्याने बोलावलं त्याला स्वतःच्या नोकरीची धास्ती. पोराचं बोट गेलं, त्याबरोबर फिटरचा हात गेला, आणि कागदावर तो तिथे नव्हताच. खोट्या हजेरीने पैसे बुडतात, ते एकवेळ सोसता येईल. पण त्या हजेरीने पोर ऐन संकटात कागदावरून पुसलं जातं. यासाठी मी एवढं कळवळून सांगतो आहे.

म्हणून मालकांनो, मॅनेजरसाहेब, हा एक नियम तुमच्या आवारात लावा: ज्याने बाहेर जाण्याचा अंगठा केला, तो शिकाऊ त्या दिवशी पुन्हा आत येणार नाही. कुठल्याही गेटने नाही. वॉचमनला तसं लेखी द्या. माल गेटवर तीच सूचना मराठीत, ठळक अक्षरांत लावा. याला पैसा लागत नाही.

तुमच्या अडचणी मला कळतात. ऑर्डर अंगावर असते, माणसं सणाला गावी गेलेली असतात, वरून फोन येत असतात. हाताशी असलेलं पोर थांबवावंसं वाटतं. पण कायदा इथे स्पष्ट आहे. त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही आणि त्याने स्वतःहून मागितला तरी करू देता येत नाही. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी असेल तरच चालतं, आणि ती परवानगीसुद्धा पोराच्या शिक्षणासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी गरज असेल तरच मिळते. तुमच्या डिस्पॅचसाठी मिळत नाही. 1992 च्या नियमांनी ट्रेड अप्रेंटिसचा आठवडा 42 ते 48 तासांचा धरला, वर्गात शिकायचे तास त्यातच मोजून. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला सल्लागाराच्या परवानगीशिवाय कामावर ठेवायचं नाही, असंही त्यात आलं. 2014 च्या दुरुस्तीने रोजचे आणि आठवड्याचे तास ठरवण्याची मोकळीक कंपनीला दिली. पण ओव्हरटाइमची बंदी जागेवरच राहिली. तुमच्यावर विश्वास टाकून ती मोकळीक दिली आहे. त्या विश्वासाला जागा.

"तो कामगार नाही, त्याला कामगार कायदे लागू नाहीत," असं मला बऱ्याचदा ऐकवलं जातं. बरोबर आहे, 18 वं कलम तेच म्हणतं. शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नाही. पण त्यातून निघतं काय? कामगाराला जादा तास थांबवलं तर दुप्पट दर द्यावा लागतो. शिकाऊला दुप्पट दर नाही, कारण त्याला थांबवायचंच नाही. त्याचे जादा तास स्वस्त नाहीत हो, ते विकायलाच ठेवलेले नाहीत. पीसवर पैसे द्यायलाही मनाई आहे, उत्पादनाच्या बोनसमध्ये त्याला ओढायलाही मनाई आहे. हे सगळं एकाच हेतूने लिहिलं गेलं: पोराचं लक्ष नगांच्या मोजणीवर न जाता कामाच्या शिकण्यावर राहावं.

आणखी एक गोष्ट सावध राहून ऐका. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामगारांच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. "आता बाराचा जमाना आहे" असं म्हणत तोच हिशोब अप्रेंटिसला लावू नका. तो प्रस्ताव कामगारांसाठी होता, त्यांच्या लेखी संमतीच्या आणि जादा मोबदल्याच्या अटींसह. शिकाऊ पोराच्या करारात जे लिहिलं आहे, तेवढंच त्याच्याकडून घ्या.

आपल्या मातीत हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होती आणि आठवड्याची सुट्टी माहीत नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी मटण शिजवून निवांत जेवतो, त्यामागे ते आहेत. आणि त्याहून मागे जा. इंग्लंडमध्ये 1802 साली कारखान्यांवर पहिला कायदा आला, तो मोठ्या माणसांसाठी नव्हता. तो सूतगिरण्यांतल्या शिकाऊ पोरांसाठी होता. दिवसाला 12 तासांच्या वर काम नको आणि रात्रपाळी बंद करा, असं त्यात होतं. दोनशे वर्षांपूर्वी, वाफेच्या इंजिनाच्या काळात, तिथल्या लोकांना एवढं कळलं होतं. आपल्या एमआयडीसीतलं पोर त्या बारा तासांच्याही पुढे जात असेल, तर ते तुम्हाला सहन होणार नाही. मी तुम्हाला ओळखतो.

शिवाय शिकण्याचं काय? वालचंदनगर आपल्याच इंदापूर तालुक्यात आहे. वालचंद हिराचंदांनी माळावर उभं केलेलं गाव. साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता तिथे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचं घडू लागली. अशा कवचाची वेल्डिंगची शिवण मारणारा हात घाईने तयार होत नाही. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिने रानात उभा राहतो तेव्हा उतारा देतो, अकराव्या महिन्यात तोडला तर उतारा पडतो. ज्या पोराला वर्षभर फक्त लोडिंग, पॅकिंग आणि झाडू मिळाला, रात्री उशिरा घरी जाऊन ज्याने ड्रॉइंगचं पुस्तक उघडलंच नाही, ते परीक्षेला बसणार तरी कशाच्या जोरावर? उद्या तुम्हालाच चांगला वेल्डर लागेल आणि तुम्ही म्हणाल, हल्लीच्या पोरांना काही येत नाही.

आणि या विद्यावेतनात सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा पैसाही आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं. तो पोराच्या शिक्षणासाठी भरतं.

आता आईबापांनो, तुमच्याशी बोलतो. जरा बसा.

पोरगं कंपनीत लागलं याचा तुम्हाला केवढा आनंद, ते मी जाणतो. दोन एकर ऊस, त्यात भावकीचा वाद, कारखान्याचं बिल कधी येईल याचा भरवसा नाही. अशात महिन्याला खात्यावर सात-आठ हजार येतात, गाडीचा हप्ता निघतो, बहिणीची फी निघते. म्हणून रात्री बाराला पोर घरी आलं, न जेवता आडवं झालं, तरी तुम्ही काही बोलत नाही. उलट सांगता, "सांभाळून घे, तक्रार करू नको, नाव खराब होईल." तुमच्या बोलण्यात वाईट काही नाही. पण पोराला त्यातून एकच कळतं, की घरच्यांनाही चालतंय. मग ते घरीही सांगत नाही.

विचारा त्याला. आज रात्रीच विचारा. किती वाजता आत गेलास? किती वाजता खरा सुटलास? मशीनवर किती वाजले? हे तिन्ही आकडे जुळतात का? जुळत नसतील तर चिडू नका, त्याला घाबरवू नका. नुसतं ऐकून घ्या.

आणि एक सवय लावा. आत जाताना त्याने घरच्या व्हॉट्सॲपवर एक शब्द टाकायचा: "आत". खरोखर बाहेर पडला की: "निघालो". वेळ आपोआप नोंदली जाते. आईच्या फोनवर महिनाभराचे असे पन्नासेक मेसेज साठले की ती एक हजेरीच झाली. कुणी विचारलं तर दाखवायला पुरावा आहे, आणि रात्री दहापर्यंत "निघालो" आलं नाही तर चौकशी करायला कारण आहे. मोबाईल आत नेऊ देत नसतील तर गेटवर जमा करताना मेसेज टाकावा, घेताना टाकावा. ज्याच्याकडे तेही जमत नाही त्याने शंभर पानी वही घ्यावी. तारीख, आत, बाहेर, आज काय शिकलो. चार रकाने पुरे.

मुलींच्या आईबापांना वेगळं सांगायची गरज नाही, तुम्ही विचारताच. मी कंपन्यांना सांगतो: दिवस मावळल्यावर शिकाऊ मुलीला गेटबाहेर एकटी सोडू नका. तिला मुळात तितका उशीर करायचाच नाही. पण झालाच, तर तिला घराच्या दारापर्यंत पोचवणं तुमच्याकडे आहे, तिच्या भावाकडे नाही. अर्ध्या वाटेवर, फाट्यावर उतरवून दिली की काम झालं, असं समजू नका. फाट्यापासून वस्ती दोन-दोन किलोमीटर आत असते.

पोरांनो, पोरींनो, तुम्हीही ऐका. कराराची एक प्रत तुमच्याकडे हवी, ती मागून घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. कोऱ्या मस्टरवर सही करू नका. एकदा अंगठा केला की परत आत जाऊ नका, दोनशे रुपयांसाठी नाही, कुणाच्या शाबासकीसाठी नाही. नकार द्यायला एकट्याने जाऊ नका. चार-पाच जण मिळून जा आणि सरळ शब्दांत सांगा, "साहेब, आमची वेळ संपली, उद्या वेळेवर येतो." आणि उद्या खरंच वेळेवर जा. साडेसातला पोचून मस्टरवर सातची वेळ लिहून घेणारा पोरगा उद्या तासांचा हक्क कुठल्या तोंडाने मागेल? हजेरी दोन्ही बाजूंनी खरी हवी.

कॉलेजच्या मुलांच्या बाबतीत तर खोटेपणा उलट बाजूने शिरतो. पदवीच्या अभ्यासक्रमात आता कार्यप्रशिक्षण, इंटर्नशिप आली आहे. एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिटचे 120 तास. ते भरायचे म्हणून मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणायचा, असं होतं. असा शिक्का मारू नका. मामा, तुम्हीही देऊ नका. भाचा 120 तास खरा बसला तर जीएसटीचं बिल करायला तरी शिकेल.

प्राचार्यांनो, निदेशकांनो, पोरगं तुमच्या संस्थेच्या दारातून बाहेर पडलं की जबाबदारी संपली असं मानू नका. महिन्यातून एकदा जा. कळवून जाऊ नका. मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा घेण्याआधी टपरीवर पोरांसोबत घ्या. साडेतीनला जाऊ नका, संध्याकाळी सहाला जा, आणि कुठली पोरं अजून आत आहेत ते बघा. प्रत्येक शिकाऊच्या प्रगतीची नोंद ठेवणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. ती नोंद मागा. त्यात वर्षभर एकच ओळ असेल तर प्रश्न विचारा. तुम्ही विचारलेला प्रश्न पोराने विचारलेल्या प्रश्नापेक्षा शंभर पटीने जड असतो, आणि त्याने पोराची जागा धोक्यात येत नाही.

बोलून सुटलं नाही तर पुढची वाटही आहे. आयटीआयच्या पोरांनी आपल्या आयटीआयमध्ये जाऊन शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाची चौकशी करावी. डिप्लोमा आणि पदवीच्या अप्रेंटिससाठी मुंबईला बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. करारावरून वाद झाला तर तो सल्लागारापुढे नेता येतो. त्याचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं. वकील लावायला लागेल, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, या भीतीने घरात बसू नका. एक अर्ज, वहीची झेरॉक्स, कराराची झेरॉक्स. बस.

तक्रारीची वेळच न यावी, ही माझी खरी इच्छा आहे. आपल्या दोन तालुक्यांत माणसं एकमेकांना ओळखतात. सुपरवायझर अंथुर्ण्याचा असतो, पोर शेळगावचं असतं. कुणाचा मेव्हणा, कुणाचा भाचा. ज्याला तुम्ही रात्री थांबवता, त्याच्या बापाची गाठ रविवारी बाजारात पडते. सुपरवायझर दादा, तुम्हीही कधीकाळी अप्रेंटिसच होतात. तुम्हाला रात्री थांबवलं होतं म्हणून यालाही थांबवायचं, असं करू नका. तुमच्याबरोबर संपू दे ते.

आणि गावकऱ्यांनो, रात्री रस्त्याच्या कडेला मोटरसायकल उभी करून, हँडलवर डोकं टेकून झोपलेलं पोर दिसलं तर पुढे निघून जाऊ नका. हाक मारा. पाणी द्या. घरचा नंबर विचारा आणि त्याला पुढे चालवू देऊ नका, तुमच्या ओट्यावर झोपू द्या. अपघात दिसला तर 108 ला फोन लावा, व्हिडिओ नंतर. आपल्या ग्रामसभेत हा विषय एकदा काढा: आपल्या गावातली किती पोरं अप्रेंटिस आहेत, कुठे आहेत, किती वाजता परततात. एका कागदावर यादी करा. त्यातल्या चार जणांची पाळी एक असेल तर त्यांनी एकत्र यावं-जावं, एवढं तरी आजच ठरवता येईल.

सोमवारी सकाळी सातची पाळी सुरू होईल. मॅनेजरसाहेब, त्याआधी गेल्या महिन्याचं मस्टर काढा आणि माल गेटची वही त्याच्या शेजारी ठेवा. ज्या शिकाऊचं नाव दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळेला दिसेल, त्याला बोलावून घ्या, बसवा, आणि त्याला सांगा की आजपासून साडेतीनला घरी जायचं. मग वॉचमनला बोलवा आणि तेच त्यालाही सांगा. ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत हे करा.